खांब कुणाच्या गावचा

विमलाच्या वर्षश्राद्धाला कावळ्यानं अजिबात वाट बघायला लावली नाही. तिच्या लेकीनं, ऋतानं, गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं आणि तिचा हात मागं यायच्या आत त्यानं वडा उचलला. खाली अंगणात सगळे हात जोडून, माना वर करून उभे होते. विमलाच्या मनात काय राहिलं असेल, कुणी काय कबूल करायचं, याची प्रत्येकानं मनात तयारी केली होती. ती सगळी वाया गेली.

"जेवायला तिला कधी आग्रह करावा लागला न्हाय," विमलाचे यजमान अंबादास म्हणाले.

हसावं की हसू नये, हे कुणाला कळेना. अंबादास बोलले की नेहमी असंच व्हायचं. वीज कंपनीत मीटर रीडर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. लोकांच्या जिन्याखाली वाकायचं, बॅटरी मारायची आणि असेल तो आकडा लिहायचा. कमी नाही, जास्त नाही. घरातही तेच. आमटीत मीठ कमी असलं तर कमी आहे म्हणायचे आणि बरोबर असलं तर काहीच म्हणायचे नाहीत. बाकी सगळं बोलायचं खातं विमलाकडं होतं.

पावणे फिरवायचं खातंही तिच्याकडंच. कोल्हापुरात घरी पावणा आला की त्याला गाव दाखवावं लागतं. आधी अंबाबाई, मग भवानी मंडप, बिंदू चौक, नवा राजवाडा आणि ऊन कललं की रंकाळा आणि भेळ. लग्न होऊन आल्यापासून विमलानं ही फेरी कधी चुकवली नाही. अंबादास तेवढ्या वेळात घरी लसूण सोलायचे आणि मटणाकडं लक्ष द्यायचे, कारण पावणे परत आले की तांबडा-पांढरा रस्सा तयार लागायचा. त्यामुळं विमला पावण्यांना काय सांगते, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांना एवढंच दिसायचं, की जाताना पाय ओढत गेलेला पावणा येताना छाती काढून यायचा.

फेरी संपायची ती मुक्या खांबापाशी. गंगावेशीकडून रंकाळ्याकडं जाताना अंबादासांचा बोळ लागतो. त्या बोळाच्या तोंडाशी, त्यांच्या घरासमोर हा खांब. काळ्या दगडाचा, दोन पुरुष उंच, जरासा कललेला. वर दिवा नाही, अंगावर अक्षर नाही, शेंदूरही नाही. तो कुणी उभा केला आणि कशाला, हे बोळात कुणाला माहीत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. रिक्षा वळवताना तेवढा आडवा यायचा.

त्या दिवशी मात्र अडलं.

पानं वाढायला घेतली होती. गारगोटीहून विमलाचे धाकटे भाऊ गणपतराव आले होते. शाळेत मास्तर होते. निवृत्त झाले तरी आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. हातकणंगल्याहून विमलाच्या थोरल्या बहिणीचे यजमान आण्णा आले होते. ऊस, दोन ट्रॅक्टर आणि दर वाक्याला मांडीवर थाप. नृसिंहवाडीहून अंबादासांची थोरली बहीण अक्का आली होती. तिचं तिथं कवठाच्या बर्फीचं दुकान होतं आणि दत्तमहाराजांवर अशी काही वहिवाट होती, जणू ते तिच्याकडं भाड्यानं राहतात. लेक ऋता पुण्याहून येऊन आदल्या दिवसापासून स्वयंपाकघरात होती.

तेवढ्यात दारात सम्राट आला. सम्राट म्हणजे खांबाचा बोळ तरुण मंडळाचा अध्यक्ष.

"काका, जेवला काय?"

"न्हाय अजून."

"मग बरं झालं. जेवल्यावर माणूस नीट सांगत न्हाय. मंडळानं खांबाला बोर्ड करायला घेतलाय. ऐतिहासिक. संध्याकाळी उद्घाटन हाय."

बोर्ड त्यानं बाहेर भिंतीला टेकून ठेवला होता. अंबादास जाऊन बघून आले. पत्र्याचा, चांगला दाराएवढा. वरच्या अंगाला मंडळाचं नाव. खाली सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, सगळे गॉगल लावलेले. त्यांच्याखाली 'सौजन्य' म्हणून तीन दुकानं. आणि या सगळ्यातून तळाला तळहाताएवढी जागा मोकळी होती.

"ती जागा इतिहासाला ठेवलीया," सम्राट म्हणाला. "दोन ओळीत बसवा. काकूंना सगळं माहीत होतं. किती पावण्यांना सांगताना मी बघितलंय. खांब कुणी उभा केला, एवढं सांगा. पेंटर डबा उघडून बसलाय."

अंबादासांनी 'माहीत न्हाय' म्हणायला तोंड उघडलं.

"गारगोटीच्या गवंड्यानं," गणपतराव म्हणाले.

"हातकणंगल्याच्या पैलवानानं," आण्णा म्हणाले.

"आमच्या वाडीचा हाय तो," अक्का म्हणाली.

तिघं एकदम बोलले आणि तिघांनी एकदम एकमेकांकडं बघितलं.

"आण्णा, तुमची काहीतरी चूक होतीया," गणपतराव समजुतीनं म्हणाले. "दगड आमच्या डोंगरातला, गवंडी आमच्या गावचा. काम झाल्यावर त्यानं मजुरी घेतली न्हाय. म्हणाला, खांब तेवढा माझ्या गावाकडं बघत ऱ्हाऊ द्या. म्हणून तो कललाय. आमच्या ताईनं सांगितलंय मला. मी पंधरा ऑगस्टच्या भाषणात सांगतो हे. आमच्यात एक घर तर आता स्वतःला त्या गवंड्याचे वंशज म्हणवतंय."

"कसला गवंडी!" आण्णांनी मांडीवर थाप मारली. "आमच्या पैलवानानं नदीवरनं खांद्यावर आणला. पैज होती. हितं रोवताना त्याला शिंक आली, म्हणून वाकडा बसला. मेव्हणीनं सांगितलंय, खांबाजवळ उभं करून. मी दर दसऱ्याला हार घालून जातोय, उगंच व्हय?"

दर दसऱ्याला आण्णा एसटीतून हार घेऊन उतरतात आणि घरात येताना हात मोकळे का असतात, हे अंबादासांना आज कळलं.

"दोघं गप बसा," अक्का म्हणाली. "महापुरात आमच्या घाटावरनं वाहात आला तो. विमलनं सांगितलं तवा माझ्या अंगावर काटा आलता."

"अक्का, पंचगंगा कोल्हापुराकडनं वाडीकडं वाहते," गणपतराव म्हणाले. "म्हणजे दगड तरंगला ते एक, आणि पुराच्या पाण्यात उलटा वर चढला ते दुसरं?"

"महाराजांच्या मनात आलं तर चढंल. तुम्ही मास्तर हाय, तुम्हाला काय कळतंय?"

पेंटरनं दारातून मान घातली. "ठरलं काय? रंग सुकाय लागलाय."

"ठरलंय," तिघं म्हणाले.

मग आवाज चढले. गणपतराव म्हणाले, माझी बहीण खोटं बोलली असं म्हणायचंय का तुम्हाला? आण्णा म्हणाले, तुमची बहीण न्हाय, तुम्ही खोटं बोलताय. अक्का म्हणाली, महाराजांचं नाव घेतल्यावर खोटं कसलं. शेवटी आण्णांनी खुंटीवरची टोपी काढली. "चला. खोटारड्यांच्या पंगतीला बसायची आपल्याला सवय न्हाय." गणपतरावांनी पिशवी उचलली. अक्कानं बर्फीचा डबा ताटाजवळून परत स्वतःकडं ओढला आणि म्हणाली, "वाडीची गाडी कितीला हाय वो?"

ऋता खिरीचं पातेलं धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "बाबा, काहीतरी बोला की."

या घरातून विमला असताना कुणी उपाशी उठून गेलं नव्हतं. मीटर तपासायला आलेला साहेबसुद्धा भाकरी खाऊन गेला होता. आणि आज तिच्याच श्राद्धाचं पान टाकून, तिच्याच नावानं खोटेपणाचा वाद घालून तिची माणसं उठून चालली होती. तिनं एका हातानं सगळ्यांना खाली बसवलं असतं. अंबादासांना ते येत नव्हतं. त्यांना आकडा बघून सांगता यायचं, तेवढंच.

"खांब हितंच हाय," ते म्हणाले. "बघून या. मग जावा."

बघायला काय हरकत आहे, असं प्रत्येकाला वाटलं, कारण प्रत्येकाला खात्री होती. सगळे बाहेर पडले. पेंटर ब्रश घेऊन मागोमाग निघाला.

खांबापाशी आल्यावर गणपतराव सरळ विजेच्या पेटीशेजारी जाऊन उभे राहिले. "ताईनं मला हितं उभं केलंतं. बघा, सरळ गारगोटीकडं कललाय."

आण्णा समोरच्या गटारीच्या फरशीवर चढले. "मला हितं उभं केलंतं. हितनं बघा, आमच्याकडं कललाय."

अक्का बोळाच्या मधोमध उभी राहिली. "मला हितं. डोळे जरा किलकिले करून बघायचं, म्हणाली विमल."

अक्का डोळे किलकिले करून उभी राहिल्यामुळं मागं एक रिक्षा थांबली, रिक्षामागं दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल थांबली आणि तिच्यामागं कोण थांबलं ते दिसेना, नुसते हॉर्न ऐकू येऊ लागले.

"ओ मावशी, खांब काय पळून चाललाय व्हय?" रिक्षावाला ओरडला.

"तू गप रे. इतिहास चाललाय हितं."

खांबाच्या बुडाशी रत्नव्वा फुलांची पाटी घेऊन बसायची. संकेश्वरची बाई, लग्न होऊन इकडं आलेली. पण बोलण्यातून सीमेपलीकडची कानडी अजून गेली नव्हती. तिनं गजरा गुंफता गुंफता तिघांकडं बघितलं.

"अय्यो, कशाला भांडताय वो? खांब आमच्या संकेश्वरचा हाय."



"तुम्हाला कुणी सांगितलं?" आण्णांनी विचारलं.

"विमलव्वानं. आमच्याकडच्या एका बाईनं बांगड्या मोडून बांधला म्हणून." रत्नव्वाला हसू यायला लागलं. ते आवरेना म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. "मी लई दिवस खरं मानलो. मग एकदा सोलापूरचे पावणे आले, तर त्यांना सांगिटलं, सोलापूरचा हाय. पुढच्या आठवड्यात चिपळूणचे आले, तवा चिपळूणचा झाला. मी विचारलो, विमलव्वा, हे काय वो? तर म्हणाली, रत्नव्वा, जिथं बोर्ड हाय तिथं मी खरं सांगतो. राजवाड्याचं खरं, देवळाचं खरं. हितं बोर्डच न्हाय. मग पावण्याला दारातनं रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं? नारळ आणि ब्लाऊजपीस सगळेच देतात. मी ओटीत एक खांब घालतो."

रिक्षावाल्यानं हॉर्नवरचा हात काढला.

गणपतराव पेटीशेजारून हलले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे थाप," ते म्हणाले. "मी पोरांसमोर इतकी वर्षं थाप सांगत आलो."

आण्णांनी टोपी काढून परत घातली. "आणि मी हार घालत आलो."

अक्कानं डोळे पूर्ण उघडले.

अंबादासांच्या ध्यानात आलं की मघाचं परवडलं होतं. मघाशी हे एकमेकांवर रागावले होते. आता ते विमलावर रागावणार होते. आणि तिला त्यांची समजूत घालता येणार नव्हती.

गणपतराव त्यांच्याकडं वळले. "दाजी, तुम्ही आयुष्यात कधी वाढवून बोलला न्हाईसा. तुम्हाला ताईनं या खांबाचं काय सांगितलंतं? ते खरं धरू. खोटं बोलली असेल तर तसंच बोर्डावर लिवा म्हणावं."

पेंटरनं ब्रश रंगात बुडवला.

अंबादासांनी खांबाकडं बघितलं. रोज दोनदा त्यांना याच्या शेजारून जावं लागायचं. लहानपणी ते याच्याभोवती लपंडाव खेळले होते. इतक्या वर्षांत त्याच्याकडं असं मान वर करून त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असेल.

"एकदा विचारलंतं मी तिला," ते म्हणाले. "मिरजेचे पावणे आलते. ते लई वेळ खांबाला हात लावून उभे होते. मी लसूण सोलत होतो. म्हटलं, हे एवढं काय बघतायत? खांब कुणी बांधलाय? तर म्हणाली, मला काय माहीत."

"आणि?"

"म्हटलं, मग त्यांना काय सांगितलंस? तर म्हणाली, ते पावणं हायत. तुम्ही काय पावणं हाय व्हय? आणि आणखी एक लसणाचा गड्डा दिला सोलायला."

अंबादासांनाच वाटलं की अजून काहीतरी बोलायला पाहिजे. ते शब्द शोधत राहिले, आणि जे सापडले ते त्यांनी ओळीनं पुढं ठेवले.

"मला तिनं काय दिलं न्हाय. जे दिलं ते तुम्हाला दिलं. ओटीतला नारळ तुम्ही घरी नेऊन फोडता. आतून कसा का निघंना, परत आणून कोण देतं? मला बोलता येत न्हाय. पण माझ्याकडं सांगायला असलं कायतरी असतं, तर मी परत केलं नसतं. खीर गार झाली. ऋता सकाळपासून उभी हाय. तुम्ही जेवा. मग पाहिजे तेवढं रागवा, मी हितंच हाय."

एवढं सलग ते विमला गेल्यापासून बोलले नव्हते. ती असतानाही नव्हते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. त्या बोळात तो आवाज फार मोठा झाला.

आण्णा एकदम हसले. "पैलवानाला अशीच शिंक आली असणार बघा." आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. "शिंकेनं खांब वाकडा! हे सुचलं कसं हो तिला?"

"आमचा गवंडी काय कमी हाय?" गणपतराव म्हणाले. चेहरा अजून उतरलेलाच होता, पण आवाज परत आला होता. "मजुरी न घेणारा गवंडी! कुठं बघितलाय का?"

"तुमचे आपले साधे," अक्का म्हणाली. "माझ्यासाठी तिनं दगड पाण्यावर उलटा चढवला. विमलनं सगळ्यांत जास्त डोकं माझ्यासाठी चालवलंय."

घराकडं परत येताना वाद पुन्हा जोरात सुरू झाला होता. आता तो विमलानं कुणासाठी जास्त कष्ट घेतले यावर होता, आणि पानं वाढून झाली तरी थांबला नाही. आण्णांनी खीर तीनदा घेतली. अक्कानं बर्फीचा डबा स्वतः उघडून प्रत्येकाच्या पानात दोन-दोन वड्या टाकल्या आणि गणपतरावांच्या पानात तीन. ऋता वाढता वाढता एकदा बापाजवळ थांबली आणि म्हणाली, "बाबा, आईनं मला सांगितलंतं, खांब मी जन्मले त्या दिवशी सरळ होता." अंबादासांनी तिच्याकडं बघितलं. "आणि?" "माझा आवाज ऐकून कलला." अंबादासांनी जरा विचार केला. ऋताचं लहानपणचं रडणं त्यांना आठवत होतं. हे मात्र खरं असू शकेल, असं त्यांना वाटलं.

जेवणं झाल्यावर सम्राट परत आला. "काका, बोर्डाचं काय करायचं? काकू मला म्हणायच्या, माझ्या पणजोबांनी खांबाला रेलून विडी ओढली, म्हणून... जाऊ दे. तुम्ही सांगा ते लिवतो."

अंबादासांनी मीटरचा आकडा सांगावा तसं सांगितलं. "लिही. मुका खांब. कुणी, कधी, कशाला उभा केला, माहीत नाही."

"माहीत न्हाय तर बोर्ड कशाला, काका? मंडळाची इज्जत जाईल."

"दुसरी ओळ हाय की." अंबादास म्हणाले. "लिही. अधिक माहिती समोरच्या घरी मिळेल."

संध्याकाळी गाड्यांची वेळ झाली. निघताना आण्णांनी अंबादासांना दाराआड घेतलं. "कोण विचारायला आलं, तर शिंकेचं सांगा. लोकांना आवडतं." गणपतराव पाया पडायला वाकले आणि तिथूनच हळू आवाजात म्हणाले, "दाजी, गवंड्याचं घर गारगोटीत खरंच हाय. आता त्यांना कसं सांगायचं? तुम्ही आपलं गारगोटीच म्हणा." रिक्षात बसताना अक्कानं भावाच्या हातात बर्फीचा राहिलेला डबा दिला आणि तळहात घट्ट दाबला. त्या दाबण्याचा अर्थ महापूर असाच होता.

पाच-सहा दिवसांनी ऋताही पुण्याला गेली. घरात पुन्हा अंबादास एकटे. संध्याकाळी लसूण सोलत बसले होते, कारण हाताला सवय होती आणि एकट्यासाठी किती सोलायचा याचा अंदाज अजून यायचा होता. दारावर टकटक झाली.

बाहेर एक जोडपं उभं होतं. त्याच्या खांद्यावर झोपलेलं पोर, तिच्या हातात अंबाबाईच्या प्रसादाची पिशवी. दमलेले होते.

"बोर्डावर लिहिलंय, इथं माहिती मिळेल म्हणून. तो खांब कसला आहे?"

'माहीत न्हाय' हे शब्द अंबादासांच्या जिभेवर आले होते. खरे होते. बोर्डावरही तेच लिहिलेलं होतं. पण त्यांनी त्या बाईच्या हातातल्या पिशवीकडं बघितलं, पोराच्या लोंबणाऱ्या पायांकडं बघितलं. रिकाम्या हातानं परत जायचं म्हणजे लांबचा प्रवास होता.

"कुठलं गाव, पावणं?" त्यांनी विचारलं.

"लातूर."

लातूरला अंबादास कधी गेले नव्हते. तिथं डोंगर आहे की नदी आहे, हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सोललेल्या पाकळ्यांची वाटी खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि चप्पल पायात सरकवली.

"लातूरचे?" ते म्हणाले. "मग तुम्हाला तर माहीतच पाहिजे. या, दाखवतो." खांबापाशी येऊन त्यांनी विजेच्या पेटीकडं बोट केलं. "या पेटीशेजारी उभं ऱ्हावा. न्हाय, जरासं अलीकडं. हां. आता डोळे थोडे किलकिले करा."